रक्त हिरवे केले, पुढे काय?

प्रति,
मा. मंत्री, इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान,
भारत सरकार, नवी दिल्ली

मंत्रिमहोदय,

२ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी कॅलिफोर्निया सरकारच्या वकिलांना एक चमत्कारिक प्रश्न विचारला. गेममध्ये माणसाऐवजी एखाद्या व्हल्कनचे हालहाल केले, तर तो गेम तुमच्या कायद्यात बसेल का? व्हल्कन म्हणजे 'स्टार ट्रेक' मालिकेतले टोकदार कानांचे परग्रहवासी. वकिलांनी सरळ सांगितले, नाही बसणार. कायद्यात 'माणसाची प्रतिमा' असे शब्द आहेत. सुनावणी पुढे गेली, पण कायद्याचे पाणी किती खोल आहे ते तिथेच कळून चुकले.

मुलांच्या हातून मारधाडीचे गेम काढून घ्या, ही मागणी आपल्याकडेही अधूनमधून उसळते. कुठेतरी अघटित घडते, बातमीत गेमचे नाव येते, कुणी सभागृहात उभे राहते, कुणी कोर्टात जाते. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. रात्री दोन वाजता पांघरुणाखाली मोबाईल पेटलेला पाहणाऱ्या आईची काळजी खरीच असते. पण असा एखादा मसुदा उद्या आपल्या टेबलावर आला, तर त्यावर सही करण्याआधी कॅलिफोर्नियाची ही फाईल एकदा उघडून पाहावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

२००५ च्या उन्हाळ्यात 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' या गेममध्ये दडवून ठेवलेला एक अश्लील प्रसंग बाहेर आला आणि अमेरिकेत गदारोळ उडाला. (याच मालिकेतला आधीचा 'व्हाइस सिटी' मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतल्या चोरीच्या सीड्यांवरून आपल्याकडे घरोघरी पोचला होता. त्या सीडीवर वयाचा शिक्का असण्याचा प्रश्नच नव्हता. मार्करने लिहिलेले नाव असले तरी पुष्कळ.) कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात लेलँड यी नावाचे सदस्य होते, शिक्षणाने बालमानसशास्त्रज्ञ. हिंसक गेमविरुद्धच्या त्यांच्या विधेयकाला या प्रकरणाने बळ मिळाले आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांची सही झाली. पडद्यावर बंदुका चालवण्यावर ज्यांची कारकीर्द उभी राहिली त्यांच्याच सहीने हा कायदा व्हावा, हा योगही मजेशीरच.

कायदा वाचायला साधा होता. अठरा वर्षांखालच्या मुलाला हिंसक गेम विकला किंवा भाड्याने दिला तर एक हजार डॉलरपर्यंत दंड, आणि खोक्यावर दोन इंच लांबीरुंदीचा '१८' हा आकडा. अवघड होते ते 'हिंसक' कशाला म्हणायचे हे ठरवणे. माणसाच्या प्रतिमेला ठार मारणे, जायबंदी करणे, तिचे तुकडे करणे किंवा तिच्यावर लैंगिक अत्याचार करणे हे पर्याय खेळणाऱ्याला असले, शिवाय ते विकृत रुचीला आवाहन करणारे, मुलांसाठी समाजाला न रुचणारे आणि कलामूल्य नसलेले असले, तर तो गेम हिंसक. अश्लीलतेसाठी न्यायालयांनी घडवलेली कसोटी उचलून हिंसेला लावली होती. हा कायदा एक दिवसही अमलात आला नाही. १ जानेवारी २००६ ला लागू व्हायचा, त्याआधीच जिल्हा न्यायालयाने स्थगिती दिली आणि पुढची साडेपाच वर्षे तो कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिला.

२७ जून २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. मुख्य निकाल लिहिला अँटोनिन स्कालिया यांनी. हे गृहस्थ उदारमतवाद्यांचे लाडके नव्हते, न्यायालयातले खमके पुराणमतवादी म्हणून ओळखले जात. त्यांचे म्हणणे असे: मुलांपासून लैंगिक साहित्य दूर ठेवण्याची कायद्याला जुनी परंपरा आहे, हिंसेबाबत तशी परंपरा कधीच नव्हती. उलट मुलांच्या गोष्टी रक्ताने माखलेल्या आहेत. त्यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथा काढल्या. हिमगौरीच्या सावत्र आईला तापून लाल झालेल्या जोड्यांत मरेपर्यंत नाचवतात, सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरे टोचून काढतात, हॅन्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलतात.

मराठी वाचकाला यासाठी जर्मनीला जायची गरज नाही. नरसिंहाने हिरण्यकशिपूचे पोट फाडल्याचे चित्र आपल्या कॅलेंडरवर असते, भीम दुःशासनाच्या छातीचे रक्त पितो ते आजी जेवताना सांगते, आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये चौथीतला शिवबा अफझलखानाचा कोथळा काढतो तेव्हा पहिल्या रांगेतले पालक उभे राहून टाळ्या वाजवतात. कुठलाही सरकारी वकील या सगळ्याला वगळून फक्त गेमला पकडणारी व्याख्या लिहू लागला, तर त्याची दमछाक ठरलेली.

पुराव्याचेही तसेच झाले. हिंसक गेम खेळल्यावर मुले आक्रमक होतात, असे सांगणारे मानसशास्त्रज्ञांचे अभ्यास राज्याने पुढे केले. स्कालियांनी ते बारकाईने वाचलेले दिसतात. परिणाम दिसतो तो लहान आहे, आणि तितकाच परिणाम बग्ज बनी किंवा रोड रनरची कार्टून बघूनही होतो असे तेच संशोधक सांगत होते. मग कार्टूनवर कायदा का नाही? पुढच्या काळातही चित्र फारसे बदललेले नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे एक हजार ब्रिटिश किशोरांच्या पालकांना मुलांच्या वागण्याबद्दल विचारले. हिंसक गेम आणि आक्रमकता यांत नाते सापडले नाही. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये आपला आधीचा ठराव सुधारून, प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे स्पष्ट केले. आरडाओरडा, धक्काबुक्की अशा किरकोळ आक्रमकतेशी थोडे नाते ते अजूनही मानतात.

तरीही त्या निकालात एक गोष्ट बोचत राहते आणि ती लपवून हे पत्र पुढे नेणे बरे नव्हे. न्यायमूर्ती स्टीफन ब्रेयर यांनी विरोधी मत दिले. तेरा वर्षांच्या मुलाला नग्न बाईचे चित्र असलेले मासिक विकायला कायदा मनाई करतो, आणि ज्या गेममध्ये तो मुलगा तिला बांधून, तोंडात बोळा कोंबून, छळून ठार मारतो, तो गेम विकायला मात्र मोकळीक देतो. यात अर्थ काय? या प्रश्नाला बहुमताने समाधानकारक उत्तर दिले, असे म्हणवत नाही. सॅम्युएल अलिटो आणि सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनीही कायदा पाडला तो मोघमपणावर. ही माध्यमे नवी आहेत, अभ्यास झाल्याविना घाईने कायद्याचे दार बंद करू नका, असे अलिटो यांनी बजावले. म्हणजे काळजी सगळ्यांनाच होती. मसुदा तोकडा पडला.

यी साहेबांचे पुढे काय झाले, हेही जाता जाता. २०१४ मध्ये लाचखोरी आणि शस्त्रांच्या बेकायदा व्यवहाराच्या कटाच्या आरोपांवरून एफबीआयने त्यांना अटक केली. संघटित गुन्हेगारीच्या आरोपाची कबुली देऊन ते पाच वर्षांसाठी तुरुंगात गेले. त्यावरून त्यांच्या कायद्याची किंमत करणे अन्यायाचे होईल, पण नियतीला खोडसाळपणा करायची हौस असते खरी.

कॅलिफोर्निया एकटे नव्हते. इंडियानापोलिस शहर, सेंट लुईस परगणा, इलिनॉय, मिशिगन, लुइझियाना, मिनेसोटा, ओक्लाहोमा, प्रत्येकाने असाच काही नियम केला आणि प्रत्येक नियम कोर्टात पडला. इलिनॉयला तर गेम उद्योगाच्या वकिलांची पाच लाख डॉलरहून अधिक फी भरावी लागली. करदात्यांच्या पैशातून, अर्थात.

गंमत अशी की, हे सगळे चालू असताना काउंटरवरचे चित्र कायद्याविनाच बदलत होते. १९९३ च्या डिसेंबरमध्ये सिनेटर जोसेफ लीबरमन आणि हर्ब कोल यांनी सिनेटमध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' या मारामारीच्या गेमवर सुनावणी घेतली; उद्योगाने धास्तीपोटी दुसऱ्याच वर्षी स्वतःचे वयोगट ठरवणारे मंडळ उभारले. अमेरिकेचा केंद्रीय व्यापार आयोग दुकानात अल्पवयीन मुले पाठवून बघत असे, मोठ्यांसाठीचा गेम मिळतो का. २००० साली शंभरातल्या ८५ मुलांना मिळाला. २०११ च्या अहवालात हा आकडा १३ वर आलेला होता. त्याच मुलांना मोठ्यांच्या सिनेमाची डीव्हीडी शंभरात ३८ वेळा मिळत होती, शिवराळ गाण्यांची सीडी ६४ वेळा. दुकानदाराला एकच काम सांगितले होते, वय विचार. चित्रात रक्त किती आहे ते मोजायला कोणी त्याला बसवले नव्हते.

कारण रक्त मोजायला बसले की कंपन्या रंगाचा डबा उघडतात. 'मॉर्टल कॉम्बॅट' निंटेंडोच्या यंत्रावर आला तेव्हा कंपनीने सोवळेपणा पाळून रक्ताच्या जागी राखाडी घाम दाखवला. सेगाच्या यंत्रावर बटणांचा एक ठरावीक क्रम दाबला की लाल रक्त उडायचे. खप कोणाचा जास्त झाला असेल, ते सांगायला नको. ब्रिटनमध्ये १९९७ साली 'कारमागेडन' या पादचाऱ्यांना चिरडण्याच्या गेमला प्रमाणपत्र नाकारले, तर पादचाऱ्यांचे झोंबी झाले आणि त्यांचे रक्त हिरवे. जर्मनीत 'हाफ-लाइफ'मधले सैनिक यंत्रमानव होऊन आले. चीनमध्ये २०१९ साली पबजी या गोळीबाराच्या गेमच्या जागी 'गेम फॉर पीस' आला. त्यात गोळी लागलेला खेळाडू मरत नाही, गुडघे टेकून हातातली पेटी ठेवतो, टाटा करतो आणि नाहीसा होतो. आपल्याकडे पबजीचाच भारतीय अवतार, 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया', २०२१ मध्ये आला तेव्हा त्यातलेही रक्त हिरवे होते. नेम तोच, बंदूक तीच, शेवटचा माणूस उरेपर्यंत चालणारी कापाकाप तीच. गोळी लागल्यावर हिरवा शिंतोडा बघून कोणत्या मुलाने मोबाईल खाली ठेवला असेल?

आता घरचे. आपण हिंसेसाठी अजून कायदा केलेला नाही, पण बंदी मात्र सगळ्या प्रकारांनी घालून पाहिली आहे. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिस आयुक्तांनी पबजीवर मनाई हुकूम काढला आणि हुकूम मोडला म्हणून महाविद्यालयीन मुलांसह दहा जणांना पकडले. गेम खेळणे हा दखलपात्र गुन्हा झाला. गेम पुरवणाऱ्याला मात्र साधी नोटीस गेल्याचेही ऐकिवात नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात अकरा वर्षांच्या एका मुलाच्या नावाने जनहित याचिका आली, पबजी बंद करा आणि ऑनलाइन मजकूर तपासणारी समिती नेमा. न्यायालयाने केंद्राला लक्ष घालायला सांगितले. पुढच्या वर्षी, २ सप्टेंबर २०२० ला, पबजी खरोखर बंद झाला, पण ११८ ॲपच्या यादीत, देशाच्या सार्वभौमत्वाच्या आणि सुरक्षेच्या कारणाने. मुलांचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये पबजीच्याच जातीचा 'फ्री फायर' गेला. 'फ्री फायर मॅक्स' तसाच राहिला, त्यामुळे मुलांनी तासाभरात बस्तान हलवले.

'बॅटलग्राउंड्स'च्या नियमांकडे जरा जवळून बघावे. अठराखालच्या खेळाडूला पालकांचा मोबाईल नंबर द्यावा लागतो, दिवसाला तीन तासांची मर्यादा असते आणि खर्चाची मर्यादा दिवसाला ७,००० रुपये. पहिली अट मित्राच्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीने सुटते, नाहीतर जन्मसालाचे चाक १९९० वर फिरवले की मुळात लागूच होत नाही. तिसरी अट तर वाचूनच हसू येते. कोपरगाव किंवा कणकवलीतल्या किती घरांत शाळकरी मुलाला रोज सात हजार उडवायची मुभा असते? ही मर्यादा कोणाच्या सोयीची आहे, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

वेळेच्या कुलपांचाही अनुभव इतरांनी घेऊन झाला आहे. दक्षिण कोरियाने २०११ पासून सोळाखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद ठेवले. मुले आईवडिलांच्या ओळख क्रमांकाने आत शिरली, मग मोबाईल आले आणि कायदा संगणकापुरताच उरला. २०२२ च्या सुरुवातीला कोरियाने तो मोडीत काढला. चीनने २०२१ मध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. ती पाळून घ्यायला कंपन्या खेळाडूचा चेहरा तपासतात. तसली पाळत आपल्याला परवडणारी नाही, आणि परवडली तरी नको.

कुणी म्हणेल, अमेरिकेची घटना वेगळी. बरोबर आहे. आपल्या कलम १९(२) मध्ये सभ्यता आणि नीतिमत्तेसाठी वाजवी बंधने घालता येतात, आणि १९७० च्या के. ए. अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांचे पूर्वपरीक्षण मान्य केले आहे. मोघम शब्द मात्र आपल्याकडेही टिकत नाहीत. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी पोलिसांनी ज्या कलम ६६अ खाली उचलले, ते कलम २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोघम म्हणून पुसून टाकले. 'हिंसक गेम' ही व्याख्या घाईने लिहिली, तर तिचा पहिला उपयोग एखाद्या ठाण्यात एखाद्या कॉलेजकुमाराचा मोबाईल जप्त करण्यासाठी होईल. राजकोटला झालाच.

मग काय चालते? अमेरिकेतलेच एक उदाहरण आहे. 'फोर्टनाइट' हा शंभर जणांचा गोळीबाराचा गेम. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने त्याच्या मालक एपिक गेम्सकडून ५२ कोटी डॉलर वसूल करण्याची तडजोड केली. बंदुकांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. पालकांच्या संमतीविना तेराखालच्या मुलांची माहिती घेणे आणि अनोळखी माणसांशी थेट बोलण्याची सोय मुलांसाठी मुळातच चालू ठेवणे, हा एक आरोप. बटणांची मांडणी अशी ठेवणे की गेम जागा करताना किंवा एखादी वस्तू नुसती निरखताना चुकीच्या बटणावर बोट पडून पैसे कापले जावेत, हा दुसरा. कंपनीला पैसे परत करावे लागले, मुलांसाठी गप्पांची सोय आपोआप बंद ठेवावी लागली. मुलाच्या बाबतीत गेममध्ये प्रत्यक्ष काय घडते ते या आदेशाने ओळखले: कोणी अनोळखी आवाज कानात शिव्या घालतो, आणि कोणीतरी खिशात हात घालतो.

मंत्रिमहोदय, यासाठी लागणारी हत्यारे आपल्या खात्यात आणि शेजारच्या खात्यांत तयार पडली आहेत. चित्रपटांना २०२३ च्या दुरुस्तीने यूए ७+, १३+, १६+ असे शिक्के आले. ओटीटीवरच्या मालिकांना २०२१ च्या नियमांनी हेच वयोगट दिले. गेमला मात्र भारतीय असा एकही शिक्का नाही; प्ले स्टोअरवर दिसणारा वयाचा आकडा गेम बनवणाऱ्याने स्वतःच भरलेल्या प्रश्नावलीतून येतो. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम बंद केले, ते चांगलेच झाले. त्यात 'सोशल गेम'ची वर्गवारी आणि नोंदणी यांना जागा ठेवलेली आहे. ती जागा वापरा. सिनेमाचे तेच वयोगट गेमला द्या, मराठीसह सगळ्या भाषांत, आणि त्याखाली एका ओळीत लिहायला लावा: गोळीबार आहे, अनोळखी लोकांशी बोलणे आहे, पैसे मागतो. शिक्क्याची जबाबदारी ॲप स्टोअरवर टाका आणि दंडही त्यालाच.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या बटणांविरुद्ध तेरा प्रकारांची यादी काढली आहे. ती यादी घेऊन मुलांमध्ये चालणारे पाच मोठे गेम एकदा उघडून बघायला सांगा. डायमंड आणि यूसी ही गेममधली चलने, स्पिन आणि क्रेट या नशिबाच्या सोडती, 'आजची शेवटची संधी', यातले काय काय यादीत बसते ते अधिकाऱ्यांना अर्ध्या तासात कळेल. करार कायद्याने अज्ञान मुलाशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच ते ठरवून टाकले. मग आईच्या फोनवरून मुलाने केलेल्या टॉप-अपचे पैसे परत मिळवायला तिने कोणाच्या दारात जायचे, एवढे तरी नियमात लिहा. आणि डेटा संरक्षण कायद्यातली पालकांची 'पडताळता येणारी संमती' अमलात येण्यासाठी जी मुदत दिली आहे, ती संपेपर्यंत ओटीपीपेक्षा बरे काही शोधा.

गोळीबार यात राहीलच. सोळा वर्षांचा मुलगा चार मित्रांना घेऊन हिरवे रक्त सांडत राहील, आणि त्याचा बराचसा वेळ त्यातच जाईल. ती बाब घरातल्या भांडणाची आहे, आणि ते भांडण आईबापांना करू द्यावे.

नियमांचा मसुदा तयार झाला की तो मराठीतही प्रसिद्ध करावा आणि सूचनांसाठी निदान साठ दिवस द्यावेत. सुनावणीला कंपन्यांचे वकील येतीलच, मानसशास्त्रज्ञही येतील. आठवी-नववीतल्या पाच-सहा मुलांनाही बोलवा, पालकांसह. मसुद्यातली प्रत्येक अट त्यांच्यापुढे ठेवा आणि ती चुकवून दाखवायला सांगा.

कळावे.